वाचक विचारतात: पश्चिमेची भिंत आणि मांचू बाराखडी

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की मी गेली चार वर्षं ऑनलाइन मांचू शिकतेय, म्हणजे ईशान्य चीनमधून येऊन छिंग राजवट चालवणाऱ्या मांचू लोकांची भाषा, आणि आमच्या क्लासमधले निम्म्याहून जास्त लोक चीनबाहेर राहणारे मांचू घराण्यातले आहेत. त्यावर बरीच पत्रं आली. पाच निवडलीत. नावं छापत नाही, काहींनी तशी विनंती केलीय.

प्रश्न: ताई, मी व्हँकुव्हरला राहते. माझा नवरा चिनी, म्हणजे लग्नाआधी मी तेवढंच समजत होते. त्याची आजी आमच्याकडे राहायची, दोन वर्षांपूर्वी गेली. मूळची लिआओनिंग प्रांतातल्या एका गावातली. घरात पश्चिमेच्या भिंतीला सोफा लावू द्यायची नाही, कुत्र्याच्या मांसाचा विषय निघाला की उठून जायची आणि कधीतरी म्हणायची "आपण छीरन", म्हणजे झेंड्याची माणसं. ती गेल्यावर नवऱ्याने डोक्यात घेतलंय की मांचू शिकायची, वय ४१. सासूबाई म्हणतात, माझ्या आजीलाही ती भाषा येत नव्हती, तू कुणाशी बोलणार? मला दोघांचंही पटतं. हे उगाच उसनं आणलेलं वेड आहे का?

उत्तर: सासूबाई बरोबर सांगतायत, आणि म्हणूनच तुमच्या नवऱ्याने मनाला लावून घेण्याचं काही कारण नाही.

बऱ्याच लोकांना वाटतं की १९१२ मध्ये छिंग राजवट गेली आणि तिच्याबरोबर मांचू भाषा गेली. पण भाषा घरातून निघायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात झाली होती. १६४४ ला मांचू बीजिंगमध्ये आले, मग शिआन, हांगचौ, ग्वांगचौ अशा शहरांत त्यांच्या लष्करी वसाहती बसवल्या, भिंतीच्या आत मूठभर मांचू आणि बाहेर सगळा चिनी बोलणारा समुद्र. बाजार चिनीत, परीक्षा चिनीत, दाई चिनी. अठराव्या शतकात छ्येनलाँग बादशहा आपल्या लोकांवर जीव तोडून ओरडत होता की अरे घोड्यावरून बाण मारणं आणि मांचू बोलणं विसरू नका. बादशहाला ओरडावं लागतंय याचा अर्थ तेव्हाच ती ओठांवरून उतरायला लागली होती. तेव्हा आजीने भाषा घालवली, पणजीने घालवली असा हिशोब तुमच्या घरात कुणी मांडत असेल तर तो आजच बंद करा, प्लीज. आमच्या क्लासमध्ये माणसं यावरून रडलेली मी बघितलीत.

पुढे १९११ च्या क्रांतीत शिआनच्या मांचू वसाहतीत हजारोंनी माणसं मारली गेली. त्यानंतर कितीतरी घराण्यांनी आडनावं बदलली, नोंदीत हान, म्हणजे चीनमधला बहुसंख्य समाज, असं लिहिलं, आणि मुलांना सांगितलंच नाही. हे सांगितलंच नाही प्रकरण खूप खोलवर गेलं. १९८२ च्या जनगणनेत मांचू म्हणून नोंद असलेले सुमारे ४३ लाख लोक होते आणि १९९० मध्ये तो आकडा ९८ लाखांवर गेला. आठ वर्षांत एवढी मुलं कुठे जन्माला येतात? आधी हान लिहिणाऱ्यांनी नोंद बदलून घेतली. त्यात सवलतींचा भाग होता, कॉलेज प्रवेशात वगैरे, मांचू स्वायत्त परगणे स्थापन होत होते त्याचाही होता, ते मी नाकारत नाही, पण फॉर्मवर तो शब्द लिहायची भीती गेली हे सगळ्यात मोठं.

आता "झेंड्याची माणसं". छिंगच्या काळात मांचू असणं म्हणजे आठ झेंड्यांपैकी एकाच्या नोंदवहीत नाव असणं: पिवळा, पांढरा, लाल, निळा, प्रत्येकाचा एक साधा आणि एक किनारीचा. त्या वह्यांत मांचू होते, मंगोल होते, हानही होते. रक्त किती टक्के हा प्रश्न त्या व्यवस्थेत असा नव्हताच, कुटुंब कुठल्या झेंड्याखाली राहिलं आणि लढलं हे महत्त्वाचं. म्हणून आजी "आपण मांचू" न म्हणता "आपण छीरन" म्हणायची. तिने तुमच्या हातात जुनाच शब्द दिलाय.

आणि ती भिंत! जुन्या मांचू घरात तीन बाजूंनी कांग असतो, म्हणजे खालून धूर फिरवून गरम केलेला विटांचा ओटा. दक्षिण आणि उत्तर बाजूला माणसं झोपतात, पश्चिमेचा ओटा अरुंद, त्याच्या वरच्या भिंतीवर पूर्वजांची फळी. तिथे बसायचं नाही, सामान टेकवायचं नाही. मांचूत त्याला वार्गी नाहान म्हणतात, वार्गी म्हणजे पश्चिम, नाहान म्हणजे कांग. व्हँकुव्हरच्या फ्लॅटमध्ये ना कांग ना फळी, पण आजीने भिंत मोकळी ठेवली. कुत्र्याचंही तसंच, मांचू राज्याचा संस्थापक नुरहाची याचा जीव कुत्र्याने वाचवला ही दंतकथा मांचू घरात सांगतात आणि ते मांस वर्ज्य.

म्हणजे आजीकडे मांचू शब्द नव्हते पण त्या शब्दांच्या मागचं घर होतं. नवऱ्याला सांगा, डिक्शनरी उघडायच्या आधी एक वही घे आणि आजी काय काय करू द्यायची नाही ते लिहून काढ. मग त्यातल्या एकेका गोष्टीचा मांचू शब्द शोध. वार्गी नाहान हे दोन शब्द त्याच्या वहीत पहिले यावेत असं मला फार वाटतं. कुणाशी बोलणार याचं उत्तर पुढच्या पत्रात थोडं आहे.

प्रश्न: नमस्कार, मी भाषाशास्त्राची स्टुडंट आहे. मांचू मेली की जिवंत आहे? प्रत्येक ठिकाणी वेगळं वाचायला मिळतं. आणि परदेशातले लोक नक्की कुठली मांचू शिकतात?

उत्तर: तुझा दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, त्यातच पहिल्याचं उत्तर येतं.

हेइलोंगजिआंग प्रांतात छीछीहारजवळ सानजियात्स नावाचं गाव आहे, तिथे लहानपणापासून मांचू बोलत आलेली म्हातारी माणसं आहेत, बोटांवर मोजण्याइतकी. युनेस्कोच्या यादीत मांचू अगदी शेवटच्या धोक्याच्या पायरीवर आहे. एक बाजू ही.

दुसरी बाजू तीन हजारांहून जास्त किलोमीटर पश्चिमेला. १७६४ साली छिंग दरबाराने शेनयांग भागातल्या, मांचूंच्या जवळच्या शिबे लोकांपैकी हजारभर सैनिक बायकामुलांसकट शिंजियांगमधल्या इली खोऱ्यात सीमा राखायला पाठवले. वर्षाहून जास्त चालत गेले ते. चांद्र पंचांगातल्या चौथ्या महिन्याच्या अठराव्या दिवशी ते निघाले, तो दिवस त्यांचे वंशज आजही सण म्हणून पाळतात. आणि गंमत बघ, मांचूंच्या मुलखात भाषा विरघळली पण इलीच्या कोपऱ्यात, आजूबाजूला उइघुर, कझाक, मंगोल असताना, शिबेंनी ती टिकवली. छापछाल परगण्यात आज हजारो लोक ती बोलतात. लिहिताना शिबे आणि मांचू इतकी जवळ की एक येणाऱ्याला दुसरी वाचता येते (१९४७ मध्ये शिबेंनी लिपीत थोडे बदल केले तेवढे), बोलताना मात्र फरक कानाला लागतो, शिबे बोलताना मधले स्वर गिळतात.

म्हणून परदेशात शिकणाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो आम्हाला दरबारी कागदांमधली लेखी मांचू हवी, अक्षर न अक्षर उच्चारलेली. दुसरा म्हणतो जे तोंडात आहे ते शिका. मी स्पष्टच सांगते, मी दुसऱ्या तटात आहे. पुस्तकातली मांचू कुणी खोडून टाकत नाहीये, बीजिंगच्या अभिलेखागारात लाखो मांचू कागद पडलेत (मोडी वाचता येणाऱ्याला हे दुःख वेगळं समजवायला नको), ते वाचायला लेखी रूप लागणारच. पण तुम्ही चुकलात की "असं नाही गं, असं म्हण" असं सांगणारं जिवंत माणूस शिबे आहे. काही मांचू मंडळींना ते खटकतं, आमची भाषा आम्ही दुसऱ्यांकडून शिकायची? हे खटकणं मला समजतं. तरी सांगते, ही काही नवीन वाट नाही. १९५० च्या दशकात तैवानच्या राष्ट्रीय विद्यापीठात मांचू शिकवायला सुरुवात केली ती ग्वांग लू यांनी, आणि ते शिंजियांगचे शिबे होते. त्यांच्या शिष्यांनी जुने मांचू दप्तर वाचून काढलं. चीनबाहेरच्या मांचू अभ्यासाचा एक मोठा फाटा शिबे गुरुजींपासूनच निघालाय.

आता मेली की जिवंत ते तूच ठरव. मी तरी मेली म्हणत नाही, दर शनिवारी माझे उच्चार दुरुस्त होतात.

प्रश्न: माझी मुलगी आठ वर्षांची आहे, बाबा मांचू घराण्यातला, आई मराठी. तिला ती उभी लिपी फार आवडते, चित्रासारखी काढते. कुठून सुरू करू? फोनवर टाइप करायला गेलं की अक्षरं आडवी होतात नाहीतर तुटतात.

उत्तर: टायपिंग सोडा सध्या. मांचू अक्षरं युनिकोडमध्ये १९९९ पासून आहेत, मंगोल लिपीच्याच भागात, पण वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या ओळी दाखवणं बऱ्याच फोनना आजही नीट जमत नाही. आठ वर्षांच्या मुलीला कागद आणि जाड टोकाचं पेन द्या. पाटी मिळाली तर अजून छान.

आणि तुम्ही मराठी आहात तर तुमच्यासाठी एक खास आनंदाची गोष्ट. मांचू मुलं जी अक्षरमाला घोकायची तिचं नाव ज्वान ज्वे उजू, शब्दशः बारा डोकी. पहिल्या डोक्यात आ, ए, ई, ओ, ऊ अशी उघडी अक्षरं, मग ना, ने, नी, नो, नू, आणि पुढच्या डोक्यांत त्याच सगळ्यांना मागे इ लावून, र लावून, न लावून असं करत बारापर्यंत. म्हणजे बाराखडीच हो! आपल्या बाराखडीशी नातं नाही, पण घोकायची चाल तीच. मुलीला तुमच्या तोंडून बाराखडी पाठ असेल तर बाबाच्या बारा डोक्यांना ती दचकणार नाही.

पहिला धडा मात्र मी वेगळा देईन. १५९९ मध्ये नुरहाचीने एर्देनी आणि गागाई या दोघांना सांगितलं की मंगोल अक्षरं घेऊन आपली भाषा लिहा. ती जुनी लिपी बिनटिंबांची होती. क, ग आणि ह एकसारखे, आ आणि ए एकसारखे, वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं. १६३२ मध्ये दाहाईने त्यात टिंब आणि गोल घातले, तोंग्की आणि फुका. हे टिंब काय करतं ते मुलीला असं दाखवा. कागदावर आमा लिहा, म्हणजे बाबा. शेजारी तोच आकार पुन्हा काढा आणि कण्याच्या उजवीकडे टिंबं द्या, झालं एमे, म्हणजे आई. हाहा म्हणजे पुरुष, हेहे म्हणजे बाई. आम्हा म्हणजे सासरा, एम्हे म्हणजे सासू. आ चा ए झाला की बाप्याची बाई होते, आणि आमा-एमेत तरी कागदावर फरक दिसतो टिंबांचा. माझ्या पहिल्या महिन्यात मी टिंब विसरले आणि माझ्या आईबद्दलच्या पाच ओळी सगळ्या बाबांबद्दल झाल्या, बाईंनी लाल पेनाने एकेक टिंब देत आई परत आणली.

शब्दांची रचना तुम्हाला मुलीपेक्षाही लवकर कळेल. क्रियापद शेवटी, प्रत्यय मागे, अगदी आपल्यासारखं. बी मंजू गिसुन बे ताचिंबी: बी म्हणजे मी, मंजू गिसुन मांचू भाषा, बे हा कर्माचा प्रत्यय, ताचिंबी शिकते. मराठीत शब्द जागचा हलवावा लागत नाही. बो दे घरात, बो ची घरातून. मिनी गेबू माझं नाव. इंग्रजीतून शिकणारे इथे अडखळतात, तुम्ही अडखळणार नाही. म्हणून माझं म्हणणं, मुलीला तुम्हीच शिकवा, बाबाबरोबर तुम्हीही शिका. ती अर्धी आहे वगैरे मोजमाप घरात येऊ देऊ नका, वर पहिल्या उत्तरात नोंदवह्यांबद्दल लिहिलंय ते त्यासाठीच.

रोजच्या वापराला एकच वाक्य आधी घ्या, जेवायच्या वेळचं. सी बुदा जेकेओ? जेवलीस का? आणि उत्तर जेके, जेवले. जे आणि जेव हा निव्वळ योगायोग आहे, पण अशा योगायोगाने मुलाच्या डोक्यात शब्द कायमचा बसतो. बानिहा म्हणजे थँक्यू, तेही घ्या.

प्रश्न: माझ्या पार्टनरचं आडनाव ग्वान आहे. इंटरनेटवर लिहिलंय की ग्वान म्हणजे मांचूंचे ग्वाल्गिया. मग तो मांचू का?

उत्तर: नुसत्या आडनावावरून नाही. ग्वाल्गिया कुळातल्या पुष्कळ लोकांनी ग्वान घेतलं हे खरं, जसं आइसिन ग्योरो या राजघराण्यातल्या अनेकांनी जिन घेतलं (आइसिन म्हणजे सोनं आणि जिन म्हणजेही सोनं), न्योहुरू कुळातल्यांनी लांग घेतलं, न्योहे म्हणजे लांडगा आणि चिनीत लांडग्याला लांगच म्हणतात. पण ग्वान हे हान लोकांचंही फार जुनं आडनाव आहे, दक्षिणेत ढिगाने आहेत.

उलटही होतं. मांचू लोक एकमेकांना कुळाच्या नावाने हाक मारत नसत, फक्त स्वतःच्या नावाने. कुळ असायचं, त्याला हाला म्हणतात, त्यातली शाखा मुकून, पण ते हाकेत यायचं नाही. मग कुठेकुठे बापाच्या किंवा आजोबाच्या नावाचं पहिलं अक्षरच पुढे आडनाव होऊन बसलं, त्यामुळे आडनाव अस्सल चिनी वाटतं आणि घराणं मांचू निघतं. म्हणून विचारायचं ते असं: घरात वंशावळीची वही आहे का, पूर्वज कुठल्या झेंड्यात होते, कुठल्या गावाहून आले. १७४४ मध्ये छिंग दरबाराने आठ झेंड्यांतल्या मांचू कुळांची मोठी नोंद तयार केली, त्यात कुळ आणि मूळ ठिकाण दिलेलं आहे, घरची आठवण तिच्याशी ताडून बघता येते.

अजून एक, पत्रात तुम्ही त्याच्या कुटुंबाला मांचुरियाचे म्हटलंय. त्यांच्यासमोर हा शब्द जपून वापरा. १९३२ ते १९४५ जपानने तिथे मांचुकुओ नावाचं बाहुलं राज्य चालवलं, त्या आठवणीमुळे अनेक मांचू घरांतच तो शब्द नको असतो. ईशान्य म्हणा, दोंगबेई, ते स्वतः तसंच म्हणतात.

प्रश्न: ताई, माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांना विचारलं की म्हणतात मला मांचू येत नाही, एक शब्द येत नाही. पुढे विषयच बंद. कसं विचारावं?

उत्तर: मांचू येते का असं विचारूच नका. परीक्षा घेतल्यासारखं होतं, आणि त्या पिढीला तर तो प्रश्न दुसऱ्याच कारणाने विचारला गेलेला असू शकतो.

त्यांना विचारा, तुमच्या वडिलांना काय म्हणून हाक मारायचात? लहानपणी कशावर बसलं की ओरडा पडायचा? नवीन वर्षाला काय गोड करायचे? (साचिमा निघेल बहुतेक, ती तळलेल्या पिठाच्या काड्यांची पाकातली वडी, परदेशातल्या चिनी दुकानात पाकिटात मिळते, नाव मांचूच आहे.) हाक मारणं, ओरडणं, खाणं आणि खेळ, या चार ठिकाणी शब्द लपून बसतात, कारण ते शब्द भाषा म्हणून कुणी मोजलेलेच नसतात.

आमच्या क्लासमध्ये मेलबर्नचा एकजण आहे. त्याची आई अगदी तुमच्या सासूबाईंसारखी, एक शब्द येत नाही म्हणायची. एका रविवारी त्याने सहज विचारलं की तुम्ही मुली थंडीत घरात काय खेळायचात. ती म्हणाली, गालाहा. ईशान्येत मेंढीच्या घोट्याची चार हाडं घेऊन कांगवर बसून खेळतात, एका हाताने छोटी पिशवी वर उडवायची, ती खाली यायच्या आत हाडं उलटीसुलटी करायची किंवा उचलायची, आपल्या सागरगोट्यांसारखंच. लेखी मांचूत शब्द आहे गाचुहा. आईने टेबलावरच्या चार बदामांवर करून दाखवलं, ७० च्या पुढची बाई, मनगट अजून तसंच फिरत होतं म्हणे, आणि हाडाच्या चारही बाजूंची नावं एका दमात म्हणून टाकली. ह्याचा फोन चार्जिंगला आत होता, रेकॉर्ड काही झालं नाही. पुढचा आठवडा त्याने तळमळत काढला. दुसऱ्या रविवारी बदाम घेऊन परत गेला, आई परत खेळली, आणि या वेळी हाडं नीट धर म्हणून त्यालाच ओरडली.